माजी विद्यार्थी, नापास पोरं आणि खोलीची किल्ली

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पोरांनो, पुढं या. सतरंजीवर जागा आहे. आजचं बोलणं तुमच्याबद्दलच आहे, आणि ते तुमच्या पाठीमागं होऊ नये अशी आमची इच्छा आहे.

समितीनं आम्हाला विषय दिला तो असा : 'शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे वस्तीतील युवक मंडळास साहाय्य'. आम्ही सूतगिरणीच्या रिंगखात्यात उभं राहून जन्म काढलेली माणसं. शाळा लवकर सुटली. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकड्यावर बसून, झोप आवरत वाचलं. तेव्हा विद्वानांचं व्याख्यान आमच्याकडून होणार नाही. परंतु आज संध्याकाळी समितीची बैठक आहे आणि तिच्यापुढं विहारामागच्या खोलीचा प्रश्न आहे. म्हणून जे बोलू ते त्या खोलीला धरूनच बोलू.

खोली सगळ्यांनी पाहिलेली आहे. वर पत्रे, दोन खिडक्या, एक कपाट, एक कॅरमबोर्ड आणि बाहेर व्हॉलीबॉलची जाळी बांधायचे दोन खांब. आपल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेली, नोकरीला लागलेली मुलं आज कित्येक वर्षं या खोलीला वर्गणी पाठवीत आली आहेत. वर्तमानपत्राचं बिल, ट्यूबलाइट, चेंडू, पुस्तकं, सगळं त्यांच्या पैशातून झालं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी पावती मागितली नाही. त्यांचं ऋण आपण मानलंच पाहिजे.

आता त्यांच्याकडून एक सूचना आली आहे. फरशी नवी करावी, खुर्च्या आणाव्यात, इन्व्हर्टर बसवावा, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यावीत. खर्च ते करणार. खोलीचं नाव अभ्यासिका ठेवावं. बारावी पास झालेल्या आणि परीक्षेचा फॉर्म भरलेल्या मुलालाच आत प्रवेश द्यावा. कॅरम आणि व्हॉलीबॉल बंद करावं, कारण त्यामुळं रिकामटेकडी पोरं जमतात.

समितीतल्या काही जणांची दुसरी एक सूचना आहे. नवरात्रात खोली दुकानदाराला नारळाची पोती ठेवायला भाड्यानं द्यावी. तिच्याबद्दल आम्ही एवढंच म्हणतो की ज्या महिन्यात पोरांच्या हातात चार पैसे येतात आणि ते उडवायला माणसं टपलेली असतात, नेमक्या त्याच महिन्यात खोलीला कुलूप लावू नये. पण पहिल्या सूचनेबद्दल सविस्तर बोलायचं आहे, कारण ती चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूनं केलेली आहे. अशा सूचनेला उत्तर देणं जास्त अवघड असतं.

हा प्रश्न एकट्या माहूरचा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो लंडनपुढं होता आणि मुंबईपुढंही होता. आधी लंडनचं सांगतो, मग घरी येऊ.

इंग्लंडात ईटन नावाची शाळा आहे. १४४० साली तिथल्या सहाव्या हेन्री राजानं ती सत्तर गरीब मुलांसाठी काढली. पुढं काय झालं? ती इंग्लंडातल्या सरदारांच्या, सावकारांच्या आणि मंत्र्यांच्या पोरांची शाळा झाली. (गरिबांच्या नावानं निघालेल्या संस्था शेवटी कुणाच्या होतात, हे आपल्याकडंही पाहायला मिळतं. असो.) या शाळेच्या लोकांनी १८८० च्या सुमारास पूर्व लंडनमधल्या हॅकनी विक नावाच्या वस्तीत एक धार्मिक मिशन सुरू केलं. कारखाने, कालवे, रेल्वेचे रूळ आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीनं राहणारे मजूर, अशी ती वस्ती. पुढं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ईटनच्या काही माजी विद्यार्थ्यांनी तिथल्या पोरांचं मंडळ उभं केलं. जेराल्ड वेलस्ली, आर्थर व्हिलियर्स, एडवर्ड कॅडोगन आणि आल्फ्रेड वॅग ही त्यातली चार मुख्य नावं. १८०३ साली आपल्या जालन्याकडच्या आसईला मराठ्यांशी लढाई जिंकणारा जो सेनापती वेलस्ली, त्याच घराण्यातला हा जेराल्ड वेलस्ली. म्हणजे कुणाच्या घरातून काय निघेल ते सांगता येत नाही.

१९१३ साली मंडळाची मोठी इमारत झाली. नाव पडलं ईटन मॅनर. चौदा ते अठरा वर्षांची, शाळा सोडून कामाला लागलेली पोरं संध्याकाळी तिथं यायची. अठरा पूर्ण झाली की त्यांच्यासाठी जुन्या सभासदांचा वेगळा क्लब होता, म्हणजे वय झालं म्हणून नातं तुटत नसे. फुटबॉल, क्रिकेट, पोहणं, मुष्टियुद्ध, नाटक असं सगळं चाले. नंतर सुमारे तीस एकरांचं मैदान मिळालं. त्याला ते 'वाइल्डरनेस' म्हणायचे, म्हणजे रान. मंडळाचं स्वतःचं मासिकही होतं, 'चिन-वॅग'. आपल्या भाषेत त्याला गप्पाटप्पा म्हणावं लागेल.

या चौघांतल्या आर्थर व्हिलियर्सबद्दल दोन शब्द जास्त बोलायचे आहेत. हा माणूस उमरावाचा मुलगा आणि बेअरिंग या बड्या बँकेचा संचालक. श्रीमंत वस्तीत राहून त्यानं चेक पाठवला असता तरी लोकांनी त्याची वाहवा केली असती. पण तो हॅकनी विकमध्ये, मंडळाला लागून राहायला गेला आणि बरीच वर्षं तिथं राहिला. दिवसा बँक आणि संध्याकाळी पोरं. माजी विद्यार्थी मंडळींनो, तुम्ही वस्तीत येऊन राहा असं आम्ही म्हणत नाही. व्हिलियर्सला बायकापोरं नव्हती, तुम्हाला आहेत. पण पैसा आणि वेळ या दोन वेगळ्या देणग्या आहेत हे त्या माणसाला कळलं होतं, एवढं मात्र ध्यानात घ्या.

या मंडळातला हॅरी मॅलिन नावाचा एक मुष्टियोद्धा पुढं लंडनच्या पोलिसात होता. त्यानं १९२० साली अँटवर्पला आणि १९२४ साली पॅरिसला, दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. हे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या दारातून हजारो पोरं आत आली आणि पदक मिळवणारी त्यांतली मूठभर. बाकीची गोदीत गेली, कारखान्यात गेली, गाडा ओढू लागली. मंडळ त्यांचंही होतं. आत यायला कुठली परीक्षा पास व्हावी लागत नव्हती.

आता दुसरी बाजू. १९६७ साली हे मंडळ बंद झालं. बंद कुणी केलं? ज्यांनी चालवलं त्यांनीच. जमीन त्यांची, इमारत त्यांची, पैसा त्यांचा, म्हणून निर्णयही त्यांचा. पन्नासहून जास्त वर्षं ज्या पोरांनी आणि त्यांच्या बापांनी ते आपलं घर मानलं, त्यांच्या हातात किल्ली कधी आलीच नव्हती. मात्र ज्या गोष्टी सभासदांनी स्वतःच्या अंगावर घेतल्या त्या टिकल्या. ईटन मॅनर नावाचा रग्बीचा क्लब आजही आहे. मंडळ बंद झाल्यावरही जुन्या सभासदांनी ते मासिक चालू ठेवलं. आणि त्या रानाचं काय झालं? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या आवारात ती जागा गेली, पॅरालिंपिकचे व्हीलचेअर टेनिसचे सामने तिथं झाले, आणि आता तिथं हॉकी आणि टेनिसचं केंद्र आहे.

हॉकी हा शब्द लक्षात ठेवा. आता आपल्या घरी यायचं आहे.

बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात शिक्षणासाठी लंडनला होते. किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं जे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं, त्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर शहराच्या एका अंगाला आणि हॅकनी विक दुसऱ्या अंगाला. त्यांनी ते मंडळ पाहिलं असं आम्ही म्हणत नाही. कुणी उगाच तसं जोडूही नये. पण परत आल्यावर त्यांनी पहिल्या वर्ष-दोन वर्षांत काय केलं ते पाहा. ९ मार्च १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, बाबासाहेब कार्यकारी मंडळाचे प्रमुख, सीताराम नामदेव शिवतरकर चिटणीस. ४ जानेवारी १९२५ ला सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह निघालं. वसतिगृहाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, भाषणात सगळे सांगतात. पण त्याच वेळी या सभेनं मुंबईत आणखी दोन गोष्टी चालवल्या. एक मोफत वाचनालय आणि दुसरा महार हॉकी क्लब.

बाबासाहेबांच्या संस्थेनं हॉकीचा क्लब चालवला, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं? हात वर करायला सांगत नाही. आम्हालाही ते उशिराच वाचायला मिळालं, आणि वाचल्यावर कितीतरी वेळ पुस्तक बाजूला ठेवून बसलो होतो. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेला, बॅरिस्टर झालेला माणूस. समोर चवदार तळं आहे, कायदे मंडळ आहे, सगळं जग अंगावर घ्यायचं आहे. आणि त्याची संस्था गिरणगावातल्या पोरांच्या हातात हॉकीची काठी देते. का? कारण उद्देश साफ होता. पोरं जुगारात, दारूत आणि तसल्या नादात जाऊ नयेत. नुसतं 'जाऊ नका' म्हणून पोरं थांबत नाहीत. जायला दुसरी जागा द्यावी लागते.

आता आमचा खरा मुद्दा. वाचनालय आणि हॉकी क्लब या गोष्टी एकत्र का ठेवल्या? ज्याला अक्षराची गोडी लागली तो वाचनालयात येणारच. त्याला एक कंदील आणि एक बाकडं दिलं की पुरतं. पण ज्याला शाळेनं बाहेर काढलं, जो पाचवीत सुटला, ज्याला पुस्तक पाहिलं की मास्तरची छडी आठवते, तो वाचनालयाची पायरी कशाला चढेल? त्याच्यासाठी मैदान. मैदानावर त्याचं नाव पुकारलं जातं, तो वेळेवर यायला शिकतो, हरल्यावर उद्या परत यायला शिकतो. सभेनं एकच दार ठेवलं नव्हतं, दोन ठेवली होती. माजी विद्यार्थ्यांची सूचना मान्य केली तर आपण दोनातलं एक दार बंद करतो, आणि बंद करतो ते नेमकं जास्त गरजेचं दार.

माजी विद्यार्थ्यांनी हे का सुचवलं तेही आम्हाला समजतं. तुम्ही सगळे शिकून वर आलात. रस्त्याच्या दिव्याखाली किंवा या खोलीच्या कोपऱ्यात अभ्यास करून आलात. म्हणून खोलीत पाहताना तुम्हाला कोपऱ्यात बसलेला तो एक हुशार मुलगा दिसतो, आणि त्याच्यात तुम्हाला तुम्ही दिसता. त्याला खुर्ची मिळावी, शांतता मिळावी असं वाटणं साहजिक आहे. पण कॅरमभोवती ओरडणारी जी सात-आठ पोरं आहेत, त्यांच्यात तुम्हाला तुमचं कुणी दिसत नाही. ती तुमच्याच वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्यांची लेकरं आहेत.

ती पोरं दिवसभर काय करतात ते इथल्यांना सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. कुणी दत्तशिखराकडं जाणाऱ्या जीपवर माणसं भरतं. कुणी तांबूल कुटायच्या दुकानात, कुणी लॉजवर चादरी बदलायला. नवरात्र आणि दत्तजयंती हा त्यांचा सुगीचा काळ. बाकीचे महिने स्टँडवर बसून. कुणी हैदराबादकडं जातं, ठेकेदार पैसे बुडवतो, परत येतं. तुम्ही त्यांना रिकामटेकडे म्हणता. अहो, त्यांच्या पोटाला सुट्टी असती तर बरं झालं असतं! त्यांना रिकामा वेळ मिळतो तो संध्याकाळी सात ते दहा, आणि त्या तीन तासांवर डोळा ठेवून दारूवाला आहे, मटकेवाला आहे, आणि आता तर जुगार मोबाइलमध्येच येऊन बसला आहे. त्या तीन तासांत खोलीचा दिवा चालू आहे की बंद, एवढाच हा प्रश्न आहे.

आमच्या खात्याचं थोडं सांगतो, विषयाला सोडून नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात, म्हणजे विणकामावर, घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपला स्पर्श झालेल्या धोट्याला इतर कामगार तोंड लावीनात. पगार साचेखात्यात जास्त, म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या रिंगखात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. सांगायचं हे की ज्या काळात ते वाचनालय आणि तो हॉकी क्लब चालला, त्या काळातला आपला गिरणीवाला असा होता. त्याच्या पाठीशी ईटनचे सरदार नव्हते, बेअरिंग बँक नव्हती. त्याच्या आणि त्या पोरांच्या मध्ये फक्त एक जिना होता, एकाच चाळीचा. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. लंडनच्या बँकवाल्याला वस्तीत राहायला जावं लागलं. हे वस्तीतच राहत होते. आपल्या आणि त्यांच्या पद्धतीतला हा मूळ फरक आहे, आणि तो आपल्या फायद्याचा आहे. आपला देणारा परका नसतो. पण शिकला, फ्लॅट घेतला, वस्ती सुटली की दहा-वीस वर्षांत तोही व्हिलियर्सच्या पहिल्या दिवसाइतका लांब जाऊन बसतो. तिथून परत यायला मग व्हिलियर्सइतकीच मेहनत घ्यावी लागते.

वेळ देणं म्हणजे काय, याचं आणखी एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक त्याची चौकशी करतात, त्याला पुस्तकं देतात. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट देतात. पुढं कॉलेजसाठी पैशाची अडचण आली तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांकडं घेऊन जातात, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. आता हिशेब करा. पंचवीस रुपये महाराजांनी दिले, पण ते कुणामुळं मिळाले? बागेतल्या बाकावर रोज शेजारी बसणाऱ्या माणसामुळं. केळुसकर गुरुजींच्या खिशातून फार पैसा गेला असेल असं वाटत नाही. त्यांच्या संध्याकाळी गेल्या.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज, आणि जून १९५० मध्ये औरंगाबादचं कॉलेज, तेच पुढं मिलिंद. मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटून दोन वर्षं झाली नव्हती. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर नागसेनवनातून बाहेर पडला. त्या पिढीनं आपल्याला लेखक दिले, प्राध्यापक दिले, अधिकारी दिले. तरीसुद्धा १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती प्रत्येक जयंतीला कुणी ना कुणी व्यासपीठावरून सांगतोच. सांगतो आणि खाली उतरून पुण्याची गाडी पकडतो. आम्ही ती परत सांगणार नाही. दरवर्षी ऐकून ती आता कुणाला टोचत नाही.

जवळचं आणि अलीकडचं उदाहरण हवं असेल तर पैनगंगा ओलांडून विदर्भात चला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे खेळाचे शिक्षक होते. २००१ साली पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी चेंडू दिला, स्पर्धा भरवल्या, निवृत्तीच्या पैशातून जागा घेतली. 'झोपडपट्टी फुटबॉल' म्हणून सुरू झालेलं ते काम आज देशात आणि बाहेरही माहीत आहे. त्यावर २०२२ साली नागराज मंजुळे यांनी 'झुंड' चित्रपट काढला. चित्रपट पुष्कळांनी पाहिला, अमिताभ बच्चन आहे म्हणून. आम्हाला त्यापेक्षा मोठी वाटते ती ही गोष्ट की तिथं खेळून मोठी झालेली पोरं आता लहानांना शिकवतात. ईटन मॅनरला पन्नास वर्षांत जे पुरतं साधलं नाही, ते इथं होतंय. किल्ली खाली उतरते आहे.

तर आता खोली.

आमचं म्हणणं आम्ही सरळ सांगतो. फरशी घाला, इन्व्हर्टर बसवा, पुस्तकं आणा, आम्ही हात जोडून घेऊ. पण दहावी नापास झालेल्याला दारात अडवणारा नियम नको. अभ्यास करणाऱ्या मुलांना शांतता पाहिजे हे खरं आहे, त्यांचा हक्क आहे तो. त्यासाठी वेळा वाटून घेता येतील. पहाटे पाच ते दहा आणि रात्री दहानंतर खोली अभ्यासाची. संध्याकाळी सात ते दहा ती सगळ्यांची. कॅरमबोर्ड बाहेर पत्र्याखाली नेता येईल, एक बल्ब जास्तीचा लागेल. एवढ्यानं भागतं तिथं पोरांना हाकलायचं कशाला?

मुलींचं कुणीच बोललं नाही. दोन्ही सूचनांत मुलगी हा शब्दच नाही. ईटन मॅनर पोरांचंच होतं, हॉकी क्लबही पोरांचाच. ते त्यांचे दिवस होते. आज आपल्या वस्तीतल्या मुली पोरांपेक्षा जास्त मार्क घेतात आणि घरात चुलीशेजारी बसून अभ्यास करतात. दुपारी दोन ते सहा ही वेळ मुलींची ठेवावी, आणि त्या वेळेची किल्ली महिला मंडळाच्या ताईंकडं असावी, अशी आमची सूचना आहे. व्हॉलीबॉल त्यांनाही खेळू द्यावं. कुणी नाकं मुरडली तर मुरडू द्या.

किल्लीचा विषय निघालाच आहे. आजवर किल्ली समितीच्या एका सभासदाच्या घरी असते. तो गावाला गेला की खोली बंद. आमचं म्हणणं आहे की संध्याकाळची किल्ली पोरांच्याकडं द्यावी. त्यांनी आपल्यातून दोघं निवडावेत, दर सहा महिन्यांनी बदलावेत. झाडणं, दिवा, चेंडू, वर्तमानपत्र यांचा हिशेब त्यांनी वहीत लिहावा. अध्यक्ष हसताहेत, त्यांना वाटतं चेंडू आठ दिवसांत हरवेल. हरवेल, साहेब. एखाद्या वेळी पंख्याचं पातंही वाकेल. पण ज्यानं हरवला तोच वर्गणी काढून दुसरा आणील, कारण त्याच्यामागं समिती नाही तर त्याचे सोबती लागलेले असतील. महिन्याला पाच रुपये का होईना, प्रत्येक पोरानं वर्गणी द्यावी असंही आम्ही म्हणतो. पाच रुपयांनी बिल भरणार नाही हे आम्हाला कळतं. पण पाच रुपये देणाऱ्याला बैठकीत बोलायला तोंड येतं.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडं आमचं मागणं पैशाचं नाही. पैसा तुम्ही देताच. महिन्यातून एक रविवार द्या. सगळ्यांनी नाही, बारा जणांनी दिला तरी वर्ष निघतं. तुमच्यात कुणी वीज मंडळात आहे, त्यानं मोटर कशी बांधायची ते दाखवावं. कुणी बँकेत आहे, त्यानं खातं उघडण्याचे आणि कर्जाचे फॉर्म पोरांकडून भरून घ्यावेत. कुणी पोलिसात आहे, त्यानं तर नक्की यावं, म्हणजे पोरांना पोलीस फक्त स्टँडवर काठी घेऊन भेटतो असं होणार नाही. शिकवायला काही नसेल त्यानं नुसतं कॅरम खेळायला बसावं आणि हरावं. आम्ही सुट्टीच्या दिवशी बसतो, आणि ही पोरं आम्हाला रोज हरवतात. हरता हरता आम्हाला जे कळलं ते समितीच्या कुठल्याच बैठकीत कळलं नव्हतं. कोणत्या पोराला ठेकेदारानं फसवलं, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाला परत शाळेत बसायचं आहे पण विचारायची लाज वाटते. असे दोघे आहेत. नावं आम्ही इथं घेत नाही. रात्रशाळा इथं नाही, बाहेरून फॉर्म भरून परीक्षा देता येते. त्या दोघांना गणित शिकवायला माणूस पाहिजे, एवढं सांगून ठेवतो.

पाट्यांबद्दल एक वाक्य. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची असेल तर लावा, आमचा विरोध नाही. फक्त ती दारावर लावू नका. दारावर वेळापत्रक लावायला जागा लागणार आहे.

एक वही भन्तेजींच्या उजव्या हाताच्या टेबलावर ठेवली आहे. तिच्यात रकमेचा रकाना आम्ही मुद्दाम आखलेला नाही. नाव, गाव, कोणत्या महिन्याचा रविवार आणि काय शिकवणार, एवढे चार रकाने आहेत. पहिल्या महिन्याचा रविवार आमच्या नावावर लिहिला आहे, बाकी अकरा मोकळे आहेत. जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी लिहावं, कारण जेवल्यावर गाडीची वेळ होते. समितीची बैठक पाच वाजता आहे, आणि पोरांच्या वतीनं दोघांना तिथं बोलवावं अशी अध्यक्षसाहेबांना आमची विनंती आहे.

जयभीम.